बसच्या पार्किंगमधला भात आणि कोथरूडला आलेली सावड

आमच्या घरी सहल ठरते ती भांडणातून. श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, निवृत्त झाल्यापासून डोंगर हवे असतात आणि मला, वर्षभर कोथरूडमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवून झाल्यावर, नुसतं पडून राहायचं असतं. यंदा जुलैत त्याच्या मावसबहिणीने कुणाचा तरी मेसेज पुढे पाठवला आणि भांडण मध्येच थांबलं. 'हिंजवडीच्या पलीकडे जुन्या बागेत भातलावणी. शनिवार-रविवार. राहायची-जेवायची सोय आमची. पैसे घेत नाही. एक अट आहे, ती आल्यावर सांगू.'

फुकट म्हटलं की पुणेकराला आधी शंका येते आणि मग भूक लागते. श्रीरंग म्हणाला, "अट म्हणजे शेवटी प्लॉट विकतील बघ." मी म्हटलं, "विकू देत. आपण घेणार नाही. तेवढंच फिरणं होईल." ठरलं.

शनिवारी सकाळी सव्वासहाला स्कूटरवरून निघालो. कोथरूडहून चांदणी चौक, तिथून हायवेने वाकडच्या अलीकडे हिंजवडीचं वळण. तुम्ही जाणार असाल तर शनिवारीच जा. एरवी ज्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसमागे उभं राहून तुमची एखादी मालिका बघून होईल, तो रस्ता शनिवारी सुट्टी लागलेल्या शाळेसारखा असतो. हिंजवडी गावठाण मागे पडलं की उजवीकडे एक मिसळीचं हॉटेल आहे. मिसळ ऐंशी रुपये, रस्सा हवा तितका, पण मागायला लागतो. आम्ही मागितला. वाढणाऱ्याने "पुण्याहून का?" एवढंच विचारलं.

पुढे काचेच्या इमारती संपता संपता पाण्याचे टँकर भरण्याची जागा लागते. तिथून डावीकडे वळा. आधी सिमेंटचा रस्ता, मग खडी, मग चिखल. स्कूटर खडी संपते तिथेच लावा. आम्ही लावली नाही, आणि शेवटची शंभरेक पावलं मी स्कूटर ढकलली. श्रीरंग हँडल धरून सूचना देत होता.

बागेच्या दारात बाळासाहेब उभे होते. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, मनगटात जाडजूड सोन्याचं कडं. हिंजवडीत त्यांचं तीन मजली हॉस्टेल आहे, कंपन्यांमधली मुलं तिथे भाड्याने राहतात. भाताच्या पिकावर या माणसाचं काहीही अडलेलं नाही, हे कळायला कडं पुरेसं होतं. शेजारी त्यांच्या बायको, शालनवहिनी. खोचलेलं पातळ, वरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट आणि डोक्याला टॉवेल. कामाचं माणूस कोण ते लगेच समजलं.

"ही बाग पेशवाईतली हाय," बाळासाहेबांनी सांगितलं. गावच्या देवाला रोजची फुलं आणि नैवेद्याचा तांदूळ इथून जायचा, म्हणून ही जमीन त्यांच्या पूर्वजांना इनाम मिळाली होती म्हणे. श्रीरंगने त्याच्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "त्याचा कागद असेल ना काही?"

"कागद न्हाय. हीर हाय. बघा चालंल का."

विहीर चालण्यासारखी होती. घडीव दगडाची, आत उतरायला पायऱ्या, वर मोट ओढायची जागा, आणि दोराने घासून घासून गुळगुळीत खाचा पडलेला दगड. मोटेचं पाणी जिथे ओतायचं ते दगडी थारोळं अजून तसंच आहे आणि त्यातून निघणारा दगडी पाट थेट भाताच्या खाचरांपर्यंत जातो. मी त्या खाचांमध्ये बोट फिरवलं. किती बैल आणि किती माणसं त्या दोराला जुंपली गेली असतील, असं मनात आलं आणि उगाच गलबलून आलं. मी हे श्रीरंगला सांगितलं नाही, कारण त्याने हिशेब मांडला असता.

आता खरी गोष्ट ऐका. या पेशवाई बागेत बरीच वर्षं कंपन्यांच्या बस उभ्या राहत होत्या. ठेकेदार चांगलं भाडं द्यायचा. जमीन चाकांखाली दगडासारखी झाली, तिच्यात डिझेल मुरलं, विहिरीत टायर पडले, आणि कडेच्या ओढ्यात राडारोडा. मग शालनवहिनींनी हट्ट धरला की मुलं आपापल्या मार्गाला लागली, हॉस्टेलचं भाडं येतंय, आता माझी बाग मला परत द्या.

"एक अख्खा उन्हाळा टायर काढन्यात गेला," वहिनी म्हणाल्या. "मासं सोडून हिरीत समदं हुतं."

त्यांनी तेलकट झालेला वरचा थर खरवडून काढला. खतासाठी ताग पेरला आणि फुलावर येताच जमिनीत गाडला, असं तीनदा. कंपन्यांच्या आवारातला झाडून काढलेला पाला पोत्यांनी आणून कुजवला. हिंजवडीतल्या लॉनचा पाला पेशवाई बागेत जिरला, हे मला फार आवडलं. ओढा मोकळा केला, काठाने करंज, उंबर आणि वाळुंज लावले. आम्ही गेलो तेव्हा करंजाच्या फांदीवर खंड्या बसला होता, खाचराच्या कडेला दोन ढोकऱ्या, म्हणजे भुरे बगळे, तपस्व्यांसारख्या उभ्या होत्या, आणि या सगळ्याच्या मागे निळ्या काचेची दहा मजली इमारत. फोटोत ती इमारत येऊ नये म्हणून मी बरीच खटपट केली. नंतर म्हटलं, राहू दे, तिचाच पाला आहे.

थारोळ्याच्या कठड्यावर बसून चहा घेताना अट कळली. ती म्हणजे सावड.

सावड ही जुनी रीत. तुमच्या लावणीला मी दोन दिवस येतो, माझ्या कापणीला तुम्ही दोन दिवस या. पैसे नाहीत, मजुरी नाही. ज्याच्या शेतावर काम, त्याने जेवू घालायचं. पूर्वी या गावात सावडीला सात घरं होती. आता शेती उरली आहे फक्त बाळासाहेबांची आणि त्यांच्या दोन चुलतभावांची. म्हणून वहिनींनी गेल्या तीन वर्षांत शहरातल्या लोकांना बोलावलं. येणारा प्रत्येक जण अट ऐकून हसला, 'हो हो, बोलावतो की' म्हणाला, फोटो काढून गेला, आणि परत कुणीही बोलावलं नाही.

"आता मी हिला सांगून ठेवलंय," बाळासाहेबांनी गॉगल काढला. "मान्सं येत्यात, राबत्यात, आनि आमी त्यांच्याकडं जायचं न्हाय? गावात बोलत्यात, बाळ्या पाव्हन्यांकडनं फुकट राबवून घेतो. ते मला न्हाय चालनार. यंदा कुनी एकानं जरी उलटी सावड बोलावली, तर बाग ऱ्हाईल. न्हायतर ठेकेदार दारात उभाच हाय. त्याला म्हनलंय, दसऱ्याला सांगतो."

"मजूर लावले तर?" श्रीरंगने विचारलं.

"मजूर लावून भात हुईल," उत्तर वहिनींनी दिलं. "मला सावड पायजे. म्हायेरी आमच्या समदं सावडीवरच चालायचं. भात काय, दुकानातबी मिळतो."

आम्ही अर्थातच म्हणालो, "हो हो, बोलावतो की."

मग चिखलात उतरलो. भातलावणीबद्दल वाचलेलं सगळं विसरा. पहिल्या पावलाला चिखल पोटरीपर्यंत येतो आणि दुसऱ्या पावलाला तुमचा पाय परत द्यायला तयार नसतो. रोपांची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात रोवायच्या आणि मागे सरकायचं. बाळासाहेबांचे दोन्ही चुलतभाऊ आणि त्यांच्या बायका रेषेत होत्या. त्या बोलत बोलत माझ्या दुप्पट वेगाने मागे जात होत्या. मी पहिल्या तासात दोनदा बसले. इच्छेने नव्हे.

श्रीरंग आयुष्यभर इंजिनियर. त्याने खिशातून सुतळी काढली, दोन काठ्यांना बांधली आणि अंतर मोजून रोपं लावायला सुरुवात केली. वहिनी थोडा वेळ बघत राहिल्या.

"सायेब, भाताला परेड करायची न्हाय."

"अहो, सरळ रेषेत लावलं की कोळपायला सोपं जातं."

"जातं की. पर तुमची एक वळ हुईस्तोवर त्याला लोंब्या यायच्या."

सगळे हसले, श्रीरंगही हसला, पण सुतळी सोडली नाही. संध्याकाळी बांधावरून बघितलं तर एका कोपऱ्यात कवायतीचं मैदान होतं आणि बाकीचं खाचर आपलं मोकळंढाकळं.

जेवण दुपारी बांधावरच. ज्वारीची भाकरी, कुर्डूची भाजी, भरलं वांगं, ठेचा आणि गेल्या वर्षीचा याच खाचरातला आंबेमोहोर. झाकण काढलं आणि वाफेबरोबर तो वास आला. मी कालवण न घेता नुसता भात खाल्ला, तूपही नको म्हटलं. मला वाटतं, भात या पदार्थाशी माझी त्या दिवशी पहिल्यांदा ओळख झाली. ओढ्यात सापडलेल्या खेकड्यांचा रस्साही होता. खेकड्याने माझ्याकडे पाहिलं, मी वांग्याकडे पाहिलं. श्रीरंगने मात्र तीन वाट्या रिचवल्या.

मुक्काम बाळासाहेबांच्या हॉस्टेलमध्ये. स्वच्छ खोली, गरम पाणी, आणि भिंतीपलीकडे मीटिंगमध्ये इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करणारा एक मुलगा. न्यायच्या गोष्टी: जुने फुल बाह्यांचे कपडे, जास्तीचा टॉवेल, कंबरेला लावायचं मलम. चपला न्या, पण त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

रविवारी दुपारी शेवटचं खाचर संपलं. पाटातून पाणी सोडलं, ते रोपांच्या मुळाशी हळूहळू भरत गेलं आणि निळी इमारत त्यात उलटी दिसायला लागली. वहिनी बांधावर कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "मग मॅडम, आमी कवा येऊ? काय काम काढताय?"

आणि इथे मी पुणेरी चूक केली. मी तोंड भरून म्हणाले, "अहो वहिनी, काम कसलं! तुम्ही कशाला त्रास घेता? नुसत्या चहाला या ना."

मला वाटलं, मी फार सुसंस्कृत वागले. वहिनींचा चेहरा उतरला. "म्हंजे आमचा हात नगो तुमास्नी," असं हळू आवाजात म्हणून त्या जुड्या बांधायची दोरी गोळा करायला वळल्या. बाळासाहेब त्यांना म्हणाले, "बघ. म्हनलं न्हवतं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर मिसळीच्या हॉटेलवर थांबलो नाही. घरी येऊन चिखलाचे कपडे भिजवले आणि श्रीरंगला म्हटलं, "आपण त्यांना बोलवायचं." तो म्हणाला, "बोलवू. पण करतील काय? तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. पंखे पुसायला लावणार आहेस?" खरंच होतं. आठवडाभर मी घरात काम शोधत होते. भांड्याला बाई, कपड्याला मशीन, कुंड्या तीन, त्यातली एक तुळस. कुणाची गरज लागू नये म्हणून आपण घर कसं बंदोबस्तात ठेवतो, हे मला पहिल्यांदाच जाणवलं, आणि त्यात शाबासकीसारखं काही वाटलं नाही.

काम सापडलं ते मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना. आमच्या सोसायटीच्या मागे एक लांबट पट्टी आहे. तिथे प्रत्येक फ्लॅटच्या दुरुस्तीचा राडारोडा वर्षानुवर्षं पडलेला. मध्ये एक जांभळाचं झाड, बुंध्यापर्यंत घट्ट पेव्हर ब्लॉक बसवलेलं, दर वर्षी थोडं आणखी वाळणारं. ती पट्टी साफ करायचा ठराव तीनदा झाला आहे. पण खर्च ज्याच्या त्याच्या राड्याप्रमाणे वाटायचा असल्यामुळे पुढे काही झालं नाही. त्या ढिगात प्रत्येकाला दुसऱ्याच्या बाथरूमच्या फरश्या ओळखू येतात, स्वतःच्या येत नाहीत.

वहिनींना फोन केला. "वहिनी, माझं चुकलं. काम आहे. भरपूर आहे, आणि घाण आहे."

 मग त्या म्हणाल्या, "गनपती बसून उठू द्या. येतो."

आता चेअरमनची परवानगी. देवधरकाका, बँकेतून निवृत्त, वय बहात्तर, विश्वास कुणावरच नाही.

"बाहेरची माणसं येऊन फुकट काम करणार? यात त्यांचा फायदा काय?"

"काका, आम्ही त्यांच्याकडे दोन दिवस भात लावला. त्याची फेड."

"मग तुमच्या घरचं काम करू देत. सोसायटीचं का?"

"आमच्या घरात काम नाही."

"बरं आहे तुमचं," काका म्हणाले. "ठीक. एक ते चार आवाज नको. आणि फाटकाचा रंग नवीन आहे, हे त्यांना सांगा."

गणपती झाल्यावरच्या रविवारी आठच्या ठोक्याला टेम्पो आला. काका घड्याळ बघत उभेच होते, त्यांची निराशा झाली. टेम्पोतून आठ जणं उतरली. बाळासाहेब, वहिनी, दोन्ही चुलतभाऊ, त्यांच्या बायका आणि हॉस्टेलमधली दोन मुलं. बरोबर पहारी, टिकाव, घमेली, कुजलेल्या पाल्याची पोती आणि अळूचे कंद. बाळासाहेबांनी गॉगल कपाळावर चढवला, पट्टी एकदा नजरेखालून घातली आणि समोरच्या पहिल्या माणसाच्या हातात घमेलं दिलं. "काका, धरा."

पहिला माणूस देवधरकाका होते. आमच्या सोसायटीत त्यांना आजवर कुणी 'धरा' म्हटलेलं नाही. त्यांनी घमेलं धरलं.

गॅलऱ्यांमधून आधी डोकी दिसली, मग प्रश्न आले, मग सल्ले. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला बाळासाहेब खालून हाक मारत होते. "वरनं लांब पडतंय, खाली या की." दहापर्यंत माणसांची रांग लागली आणि घमेली हातोहात टेम्पोपर्यंत जायला लागली. टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. फरश्या कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही. एक गुलाबी फरशी आमची होती, मी ती पटकन पुढे सरकवली.

वहिनी सकाळपासून जांभळापाशी होत्या. पहारीने एकेक ब्लॉक उचकटून त्यांनी बुंध्याभोवती मोठं आळं मोकळं केलं. खालची माती पांढरी पडली होती. त्यांनी ती हाताने फोडली, हिंजवडीचा पाला मिसळला, बादल्यांनी पाणी सोडलं आणि पाणी पूर्ण मुरेपर्यंत उकिडव्या बसून राहिल्या. मी शेजारी बसले. "जगंल," त्या म्हणाल्या. "मूळ जित्तं हाय." मग आम्ही भिंतीच्या कडेने अळू लावला, गवती चहा लावला आणि कुंपणाला दोडक्याच्या बिया टोकल्या. पहार दगडावर खणखणत होती. एक वाजून गेला होता आणि शांततेचा नियम करणारे गृहस्थ स्वतःच ओरडत होते, "अरे, ते घमेलं इकडे!"

जेवण पार्किंगमध्ये. मसालेभात, मठ्ठा, कोशिंबीर मी केली, जिलबी कोपऱ्यावरून आणली. मसालेभात इंद्रायणीचा, आणि वहिनी पहिला घास घेताना मी परीक्षेला बसल्यासारखी बघत होते. "चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "तांदूळ इकत घेतल्याला हाय, पर चांगला झालाय."

बाळासाहेब देवधरकाकांकडे वळले. "सायेब, तुमी ब्यांकेतले. जरा हिशेब करा. ह्यांची दोन मान्सं आमच्याकडं दोन दिस. आमी आठ जन येक दिस."

काकांनी जिलबीचा तुकडा खाली ठेवला. "म्हणजे चार माणसांचा एक दिवस आमच्याकडे निघतो."

"निघतो ना?"

"निघतो म्हणजे काय, निघतोच. आणि काम सोसायटीचं झालं, तेव्हा देणं सोसायटीचं." काका अस्वस्थ झाले. "असं बाकी ठेवून नाही चालणार."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या ताटात बघून हसत होत्या. आठ जणं कशाला आणली, ते मला तेव्हा समजलं.

बाळासाहेब नळावर हात धुऊन आले, पंच्याने पुसले आणि तिथेच फाटकाजवळ उभे राहून त्यांनी फोन लावला. दसऱ्याला अजून अवकाश होता. "हां, मी बोलतोय. जागेचं न्हाय जमनार... न्हाय, भाडं वाढवायचं न्हाय. पुढच्या साली कोथरूडची मान्सं लावनीला यायची हायेत. तुमच्या गाड्या घेतल्या तर त्यांस्नी कुठं उभं करू?" वहिनींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि त्यांचं बघून माझेही डोळे भरले. श्रीरंग मला मठ्ठा वाढत राहिला, भांडं भरून वाहेपर्यंत.

टेम्पो गेला. मागच्या पट्टीत ओल्या मातीचा वास येत होता. हिंजवडीला जाऊन काय मिळालं, असं तुम्ही विचाराल. कंबरदुखी मिळाली, ती आठवड्यात गेली. मी लहानपणापासून कुणाचंही काही ठेवून न घेणाऱ्या घरात वाढले. डबा आला की लगेच काहीतरी भरून परत, आहेर आला की तेवढाच आहेर परत, आणि मग सुटल्यासारखं वाटायचं. हे पहिलंच देणं, जे फिटू नये असं मला मनापासून वाटतं आहे. तुम्ही गेलात तर एवढंच करा, वहिनींनी 'काय काम काढताय' विचारलं की नम्रपणा करू नका.

रात्रीची भांडी आवरत होते तेव्हा बेल वाजली. दारात देवधरकाका.

"लावणी साधारण जुलैच्या कितव्या आठवड्यात असते?" त्यांनी विचारलं. "माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना आत्तापासून सांगून ठेवायला हवं."